चढणीच्या माशाची चौकशी

तलवाड्याच्या बाजारात मासे विकणाऱ्या मामांकडे दर आठवड्याला एक नवा आरोपी असतो. गोदावरीतले चढणीचे, म्हणजे पावसाळ्यात अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढणारे मासे का कमी झाले, याचा त्यांनी ध्यासच घेतलाय. "डीजेनं माशाच्या कानठळ्या बसल्या, गुर्जी." पुढच्या बाजारी वाळू उपसणारे. मग मोबाइलचा टॉवर. कारण सांगताना ते सुरा थांबवतात, आजूबाजूला बघतात आणि आवाज खाली आणतात, जणू गुन्हेगार गिऱ्हाइकांतच उभा आहे.

यंदा आषाढात संशय बंधाऱ्यावर आला. "भिंत आडवी आल्यावर मासा वर चढंल कसा?" बंधाऱ्याखाली त्यांच्या जाळ्यात शेपटी तुटलेली, अंड्यांच्या गाभोळीनं पोट तटतटलेली एक मासळी सापडली. मामांनी तिला हंड्यात घातलं, हंडा डोक्यावर घेऊन भिंतीच्या पलीकडं नेला आणि वरच्या पाण्यात सोडून हात जोडले. मी शेजारीच होतो. खोटं कशाला सांगू, मलाही भरून आलं.

मग त्यांनी खांद्यावरचं जाळं काढलं आणि त्याच पाण्यात फेकलं.

"अहो मामा, हे काय?"

"वर मासा जगतो का न्हाई, ते बगाया नगं?"

पुढच्या बाजारी त्यांच्या पाटीत ती तुटकी शेपटी दिसली.

"बंधारा निर्दोष हाय, गुर्जी," मामा सुरा थांबवून हळूच म्हणाले. "वर बी मासा घावतोय. मग लई कमी होतेत ते कुनामुळं?"

त्यांनी आजूबाजूला बघितलं. मी पिशवी पुढं केली.

"गाभोळी वेगळी बांधा," म्हणालो.