क्रिसच्या पात्यावरची रेघ

मुलुंडला आमच्या बिल्डिंगमध्ये राहणारे काका तरुणपणी जहाजावर होते. फिलिपिन्सच्या बंदरांत त्यांना तिथल्या जुन्या तलवारींचा नाद लागला. मुंबईतले आम्ही चार-पाच संग्राहक अदलाबदल करण्याआधी तलवार त्यांनाच दाखवायचो. ते पातं मांडीवर आडवं घेत, अंगठा फिरवत आणि दमल्यासारखे म्हणत, "जुनी आहे, ठेव." नाहीतर, "टूरिस्टांसाठी बनवलीय रे. भिंतीवर लाव."

गेल्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिन्याभराने ते माझ्याकडे आले आणि दारातच बोलायला लागले. "तुझ्या त्या नागमोडी क्रिस तलवारीचा फोटो परत बघितला. जुन्या क्रिसला मुठीजवळचा तुकडा वेगळा जोडलेला असतो. तुझ्या तलवारीवर जोड वाटावा म्हणून नुसती रेघ कोरलीय, म्हणजे ती जुनी नाही. तेव्हा मला दिसलंच नाही."

ती क्रिस मी काकांच्या 'जुनी आहे' या शब्दावर पवईच्या एका डॉक्टरांना देऊन त्यांच्याकडची तलवार घेतली होती.

"राहू दे ना काका," मी म्हणालो. "त्यांना कुठे कळतंय?"

"मला कळलंय ना."

आम्ही रिक्षाने पवईला गेलो. मी डॉक्टरांची तलवार परत केली आणि काकांनी स्वतःची चूक सांगितली.

डॉक्टर म्हणाले, "मग माझ्या बाकीच्या तलवारींचं काय? त्याही तुम्हीच बघितल्यात."

"त्याही दुसऱ्या कुणाला तरी दाखवा," काका म्हणाले.

तेव्हापासून त्यांच्याकडे कुणी तलवार नेत नाही. मीही नाही. जिन्यात भेटले की ते विचारतात, "नवीन काय आणलंस?" घरात नवी तलवार असली तरी मी "काही नाही" म्हणतो. ते मान हलवतात आणि कठडा धरून सावकाश वर जातात.