साडेतीनशेची दुनळी

गेल्या महिन्यात भाचा आगाशीहून माझ्याकडे नायगावला आला तो नाचतच. त्याच्या आजोबांची, म्हणजे माझ्या वडिलांची दुनळी बंदूक घ्यायला कुणी हौशी माणूस चाळीस हजार देतो म्हणे. "आत्या, साडेतीनशेची वस्तू चाळीस हजाराला! काय नजर होती आजोबांची!"

नजर होती खरी. माझ्या आईच्या पाटल्यांवर होती.

पन्नास-एक्कावन्न साल असेल. सातवीच्या फायनलला मी पहिली आले. मास्तरीण व्हायचं तर ट्रेनिंगला जायला हवं, आणि तिथे राहायचे पैसे भरायला हवेत. आईने दोन-दोन तोळ्यांच्या दोन्ही पाटल्या हातातून उतरवून दिल्या. वडील त्या मोडायला मुंबईला गेले आणि संध्याकाळी खांद्याला बंदूक अडकवून परतले. विलायतेला निघालेल्या साहेबाची शिकारीची दुनळी, फक्त साडेतीनशे! "वाडीतले चिकू वटवाघळं खातात. ट्रेनिंग काय, पुढच्या वर्षी." परवाना मात्र आधीच काढून ठेवलेला. मी जेवले नाही, तर म्हणाले, पोर बंदुकीला घाबरली.

अख्ख्या हयातीत त्यांनी एक वटवाघूळ मारलं. शेजारी म्हणायचे, तेही आवाजाने दचकून पडलं. पुढच्या वर्षी ट्रेनिंग राहिलं बाजूला, माझं लग्न लावून मोकळे झाले.

"हिशेब नीट कर रे बाबा," मी भाच्याला म्हटलं. "चार तोळे सोनं आज केवढ्याला?" त्याने मोबाईलवर पाहिलं आणि तोंड एवढंसं केलं. त्याच्या चाळीस हजारांत आईची एक पाटलीही येत नव्हती.

"बरं, सोनं मरू दे. आमच्या गुरुजींना पन्नास रुपये पगार होता. म्हणजे बंदूक सात महिन्यांच्या पगाराची. आजच्या मास्तरांचे सात महिने धर."

"ते तर लाखांत जातं, आत्या."

"जातं ना? आता तीस वर्षं धर. तेवढी तरी मी शिकवलं असतं."

बोलताना माझा आवाज चढला होता. इतक्या वर्षांनीही संताप होतो, काय करू! भाच्याने मोबाईल बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाला, "ते तुमच्या शिक्षणाचे पैसे होते?"

त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. साहेब, घासाघीस, साडेतीनशे, वटवाघूळ, सगळं घरातल्या पोरासोरांना पाठ होतं. त्यात मी कुठेच नव्हते.