चालता न येणाऱ्यांची नावं

"भास्कर, तुजी ताई उठत नाय रे..." महिन्यापूर्वी सकाळी तारापूरच्या अणुकेंद्राजवळच्या गावातून भाऊजींचा फोन आला. लकवा झाल्यापासून भाऊजी सात वर्षं खाटेवर. सुमनताई खाटेशेजारी जमिनीवर झोपायची. ती हाकेला ओ देईना आणि भाऊजींचा हात काही तिच्यापर्यंत पोहोचेना. मी पालघरहून पोहोचलो तेव्हा शेजारणी जमल्या होत्या. झोपेतच गेली.

ताई बोंबील सुकवून बोईसरच्या बाजारात विकायची. भाऊजी आजारी पडले, बाजार सुटला, तशी ती त्यांना रोज पेपर मोठ्यानं वाचून दाखवू लागली. दर नव्या वर्षी त्यात एक छोटी बातमी असते : भारत आणि पाकिस्ताननं आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना दिल्या. ती वाचली की ताईचा मला फोन. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो ना! "म्हंजे आपला पत्ता त्यांच्याकडं हाय?" मी सांगायचो, अगं, या ठिकाणांवर हल्ला करायचा नाही असा करार आहे, म्हणून देतात. "आनि नाय पाळला तर?" दोघांकडेही अण्वस्त्रं आहेत, त्यामुळे दोघंही कचरतात, हे माझं वर्गातलं उत्तर. त्यावर ती म्हणाली, "दोगांनी एकमेकांची मानगूट धरलीय, आनि आमी मदी."

मग सीमेवर तणाव वाढला. गावात, हल्ला झालाच तर गाव रिकामं कसं करायचं याच्या सरावाची सभा झाली. भोंगा वाजला की सगळ्यांनी चालत बसपर्यंत यायचं, असं एका साहेबांनी समजावलं. ताई उभी राहिली. "ज्याला चालता येत नाय, त्यानं?" साहेब म्हणाले, नावं द्या. त्या आठवड्यात मी तिला किती विनवलं, दोघं माझ्याकडे या. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. "त्यांना वर चढवशील रे. परत खाली कोन आननार? तितंबी अडकूनच." मी रागावून फोन ठेवला. ते आता फार लागतं.

ताई मात्र दारोदार फिरली. अकरा नावं जमवून कचेरीत दिली, नकलेवर शिक्का घेऊन आली. उत्तर आलं नाही. पुन्हा गेली, तेव्हाही नाही. पुढे तणाव निवळला, तसं कुणी विचारलंही नाही.

सध्या मी रजा काढून भाऊजींपाशी आहे. दाराच्या आतल्या बाजूला तिनं ती नक्कल चिकटवलेली आहे. एकीला दिसत नाही, एकाचा पाय कापलाय, प्रत्येकापुढे कारण. दहावे भाऊजी. अकरावं नाव तिचंच : "सुमन. पाय चांगले हायत. नवऱ्याला टाकून येनार नाय."

दार लावलं की कागद खाटेसमोर येतो. म्हणून मी ते दिवसभर उघडंच ठेवतो. भाऊजी म्हणतात, वारा लागतो. मी त्यांना चादर देतो.