दोन कचेऱ्यांच्या मधे श्रावण

घाटंजीजवळच्या त्या गावात फवारणीला श्रावणसारखा मजूर नव्हता. पाठीवर पंप चढवला की जेवणवेळेपर्यंत कपाशीचं अख्खं वावर उरकून यायचा. एका सप्टेंबरात मात्र तो बांधावर ओकत पडला. आठ दिवसांनी दवाखान्यातून परतला तेव्हा त्याला बायकोचा, कांताबाईचा, चेहराही दिसत नव्हता. फवारणीचं औषध परदेशी कंपनीचं होतं.

नागपूरहून प्रियंका नावाची तरुण वकील आली. म्हणाली, "काका, कंपनीच्या देशात दोन दारं आहेत. एक कोर्ट. दुसरी, बऱ्याच देशांनी मिळून केलेल्या नियमांची तक्रार-कचेरी. ती कंपनीला आणि आपल्याला समोरासमोर बसवते. पण बोलणी चालू असेपर्यंत कोर्टात जायचं नाही, ही तिची अट."

"भांडन कायले? बोलूनच होऊन जाऊ द्या," श्रावण म्हणाला.

बोलणी साडेतीन वर्षं रखडली. एकदा व्हिडिओ कॉलवर कंपनीच्या माणसाने चार बाटल्या समोर धरल्या आणि दुभाष्याकडून विचारलं, "यातली कोणती?"

श्रावणने आवाजाकडे मान वळवली. "मले दिसत नाही, साहेब."

'तक्रारदाराला बाटली ओळखता आली नाही,' अशी नोंद झाली.

शेवटी कंपनीच उठून गेली आणि कचेरीने फाइल बंद केली. प्रियंका तिथल्या कोर्टात गेली. कोर्ट म्हणालं, दावा लावायची मुदत तीन वर्षांची, ती उलटली. बोलणीत गेलेला काळ आम्ही वजा करत नाही. कचेरीला लिहिलं, तर उत्तर आलं, कोर्टाच्या मुदतीशी आमचा संबंध नाही.

"मंग चूक कोनाची धरली त्यायनं?" कांताबाईने विचारलं.

"कुणाचीच नाही, काकू. दोघंही आपापल्या नियमाने बरोबर आहेत."

"म्हंजे त्यायनंच चूप बसवलं, अन् चूप बसलो म्हनून हाकललं."

श्रावण भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. दोन दिवस जेवला नाही.

पुढच्या दिवाळीनंतर प्रियंकाचा फोन आला. कचेरीचा वर्षाचा अहवाल निघाला होता. कोर्टाशी संघर्ष होऊ न देता व्यवस्थित हाताळलेल्या प्रकरणांच्या यादीत श्रावणचं प्रकरणही होतं.

"यायचं नाव हाय त्यात?" कांताबाईने श्रावणकडे पाहत विचारलं.

"नाव नाही, काकू. नंबर आहे."

कांताबाईने फोन ठेवला. वेचणीला उशीर होत होता. तिने भाकर आणि पाण्याचा गडू श्रावणजवळ ठेवला, त्याचा हात धरून दोन्हींवर टेकवला. मागल्या महिन्यात तो चाचपडत विहिरीपर्यंत गेला होता. तिने बाहेरून कडी लावली आणि ती निघाली.