दुकानातला पाण्याचा ग्लास
लिहिण्यात चुका होतील आणि अक्षरही वेडंवाकडं आहे, माझी शाळा चौथीतच सुटली, म्हणून आधीच माफी मागते. आज स्टीलचा ग्लास घासताना ते सायकलचं दुकान आठवलं. दिल्लीच्या धुरात लेकीला बाहेर सायकल चालवता येत नव्हती आणि दोन महिन्यांनी तिची राज्याच्या संघासाठी निवड होती. म्हणून घरातच सायकल बसवून जागच्या जागी पायडल मारता येईल असा स्टँड घ्यायला आम्ही नणंदेबरोबर गेलो. आमचं क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर, आणि माझ्या शिलाई मशीनच्या आवाजावरूनच खालच्या बाई दोनदा भांडून गेल्या होत्या. लेक स्वस्तातल्या स्टँडवर लावलेल्या सायकलवर चढली. "आवाज बिल्कुल नहीं," दुकानदार म्हणाला. परक्या माणसाशी बोलताना मला घाम फुटतो, तरी मी म्हटलं, "भैया, एक ग्लास पानी." काठोकाठ भरलेला तो ग्लास मी स्टँडशेजारी फरशीवर ठेवला. "वहिनी, तहान तुला लागलीय की फरशीला?" नणंद हसली. लेकीने जोर लावला तसं पाणी थरथरलं आणि सांडलं; हाच हादरा खालच्या बाईंच्या डोक्यावर जाणार होता. मग दुकानदाराने सायकलचं मागचं चाक काढून बसवायचा दुसरा स्टँड लावला. पाणी हललं नाही, पण किंमत दुप्पट होती. लेक मान खाली घालून उभी राहिली. "वरचे मी भरते," नणंद म्हणाली, "पण वहिनी, परत घेणार हां!" लेकीची निवड झाली. खालच्या बाई त्यानंतर एकदाच वर आल्या, ब्लाउजचं कापड घेऊन, आणि त्यांच्याच शिलाईचे पैसे घालून आज मी नणंदेची पै न पै फेडली.