नाही म्हणणारी गाडी

“गाडीच न्हाई म्हनायलीय, मी काय करू?” काकूंनी अंगणातच ठाण मांडलं. गाडीत त्यांचा मुलगा गणेश पूर्णेला मुलगी बघायला निघालेला, आणि कडक उन्हात कोरड्या काचेवर वायपर डावीकडून उजवीकडे हलत होता. खरंच मान हलवून नकार दिल्यासारखा.

परभणीत माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. काकूंचे यजमान, पेडगावचे दत्तराव, यांची ही गाडी आधीही दुकानात येऊन गेली होती. तक्रार एकच, वायपर आपोआप चालू होतो. मी स्टिअरिंगजवळच्या स्विचचा कपलर, म्हणजे वायरांचा जोड, काढला आणि मीटर लावला. स्विच ऑफ असताना करंट आणणारी पिन मोटारकडे जाणाऱ्या पिनशी जुळायला नको. जुळली तर मीटर बीप करतो. माझा मीटर गप्प. स्विच ओके. वर “तुमचाच हात लागत असेल,” हेही मी ऐकवलं.

पण त्या वायपरपायी मुलगी बघायला जाणं हुकत होतं. निघताना तो हलला की काकू उतरून घरात. मुलीच्या वडिलांनी आता कळवलं होतं, आज आलात तर ठीक, नाहीतर दुसरं स्थळ बघतो. गणेशला फोटोतली मुलगी फार आवडली होती. आज सकाळीच त्याचा फोन आला. “मिस्त्री, तुमी घरीच या. गाडी तुमच्या दुकानात लय शहान्यासारखी वागते.”

मी पोहोचलो तेव्हाही गाडी शहाणीच होती. गणेश नवा शर्ट घालून स्टिअरिंगवर बसला. मग काकू ताट घेऊन आल्या. चाकाला कुंकू लावलं, चाकापुढे नारळ फोडला. त्याचं पाणी आधी बॉनेटवर शिंपडलं, मग उघड्या खिडकीतून ओंजळभर थेट स्टिअरिंगवर. गणेशने चावी फिरवली आणि वायपर लागला हलायला. काकूंनी अंगणात ठाण मांडलं ते तेव्हाच.

“काकू, दरवेळी असा नारळ फोडता?” मी विचारलं.

“शुभकामाला निघताना करावंच लागतंय. बाजारला जाताना कोन नारळ फोडतंय?”

बाजारालाही नाही आणि माझ्या दुकानात येतानाही नाही! मी कव्हर उघडून कपलर काढला आणि मीटर लावला. स्विच ऑफ, तरी बीप. आत नारळाचं पाणी शिरलं होतं, करंट त्यातून आरामात पलीकडे जात होता. वाळलं की सगळं पुन्हा ठीक.

“म्हंजे माझ्या नारळानं झालं?” काकूंचा चेहरा एवढासा झाला. “मी तर पोराचं भलंच मागत व्हते.”

मला वाईट वाटलं. “काकू, गाडी नाही म्हणत नव्हती. पाणी पुरे म्हणत होती.”

दत्तराव मोठ्यानं हसले. मग काकूही तोंडाला पदर लावून हसल्या.

मी कपलर परत जोडलाच नाही. वायपर काचेच्या मधोमध थांबला होता, तसाच राहिला.

“पाऊस आला तर?” गणेश म्हणाला.

“या उन्हात? तू आधी नीघ.” मी बोलेपर्यंत काकू पुढच्या सीटवर बसल्या होत्या.

स्थळ जमलं. नवा स्विच मी लग्नाआधी बसवून दिला. आता काकू नारळ घेऊन आल्या की सूनबाई आधी खिडकीची काच वर करते. आणि माझ्याकडे वायपरची तक्रार आली की मीटर काढायच्या आधी मी विचारतो, निघाला कुठं होतात?