सोयऱ्यांची पलटण

गोडदेव गावात आमच्या शेजारचे काका टेबलावर खेळायच्या युद्धखेळासाठी बोटभर उंचीची सैन्यं घडवत. नियम सायबर कॅफेतून छापून आणत, सैनिक गळती बुजवायच्या पुटीचे करत. पाहिलेलाच चेहरा त्यांच्या हाताला जमे, म्हणून राक्षसांच्या पलटणीत सगळे नातेवाईक भरती झाले होते. नव्या सेनापतीला शिंगं, सुळे आणि मेहुण्याचा चेहरा मिळाला, आणि त्याच रविवारी मेहुणे जेवायला आले; मलाही बोलावलं होतं. काकांनी सेनापती वाटीखाली झाकला. काकूंनी वाढताना नेमकी तीच वाटी उचलली.

मेहुण्यांनी सेनापती डोळ्यांजवळ धरला, मग फळीवरच्या पलटणीकडे पाहिलं. मी काकांकडे बघायचं टाळलं.

“भावोजी, हा मीच ना?”

“तसं काय नाय…”

“मग बाकीचे घोड्यावर आणि मी चालतोय?”

काका जेवण सोडून घोड्यासाठी पुटी मळू लागले.

“घोड्याला माझं तोंड नको हां,” काकू म्हणाल्या.